काकड्यात काय घ्यायचं, काय गाळायचं? (पंचवटीतल्या जुन्या मंडळींना प्रश्न)

पखवाज्याचा_मुलगा

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण पाल्हाळ लावल्याशिवाय मला विचारता येत नाही. सांभाळून घ्या.

पंचवटीत आमच्या गल्लीत विठ्ठलाचं लहानसं देऊळ आहे. पंचवीस माणसं बसली की पुजारीबुवा उंबऱ्याबाहेर. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तिथं पहाटे साडेचारला काकडा व्हायचा आणि पखवाज आमच्या दादांकडे, म्हणजे वडिलांकडे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. माझं काम एकच, आईनं वाटीत झाकून दिलेली कणिक सांभाळून न्यायची. दादा डाव्या तोंडावर पाण्याचा हात फिरवायचे, पुरीएवढा गोळा थापायचे, एक थाप मारून कान द्यायचे, चिमूटभर काढायचे, पुन्हा थाप. असं चार-पाच वेळा. मग "हं" म्हणाले की वीणेकरी सुरू करायचे. काकडा आटोपला की तीच कणिक खरवडून दारातल्या गाईला. आई म्हणायची, आमच्या घरात पहिली पोळी पखवाजाची.

दादा गेल्यावर दोन-तीन वर्षं कसाबसा चालला, मग स्पीकरवर रेकॉर्ड लागायला लागली. यंदा पुतण्यानं मनावर घेतलंय. पुस्तक आहे, शब्द सगळे आहेत. काकड्याचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, जोगी, जागल्या, गौळणी, काला. पण सगळं म्हणायचं तर नऊ वाजतील आणि पोरांना ऑफिसं आहेत. दादा रोज काहीतरी गाळायचे, रोज वेगळं. कशावरून ठरवायचे ते मी कधी विचारलं नाही. 1989 साली मी पूर्ण काकडा टेप केला होता. त्या कॅसेटवर पुढे कुणीतरी लग्नातला बँड भरला. कुणीतरी म्हणजे मीच, लग्नही माझंच.

कुणाला हा हिशेब माहीत आहे का?

गावठाण_७

नाशिकचा म्हटल्यावर लोक मला फक्त ढोलाचं विचारतात. काकड्याबद्दल विचारणारे तुम्ही पहिलेच. उत्तर माहीत नाही, वाचतोय.

सिन्नरची_माहेरवाशीण

दादा, माझे अण्णा सिन्नरकडच्या आमच्या गावात वीणेकरी होते. बायका मागे ओसरीला बसायच्या, त्यामुळे आम्हाला गाणाऱ्यांची तोंडं दिसायची नाहीत, पण समोरचं झाड दिसायचं. म्हणून मला जे कळलं ते पुरुषांना कळलं असेल की नाही शंका आहे.

आमच्याकडे हिशेब उजेडाचा होता. अंधार आहे तोवर वासुदेव, आंधळे-पांगळे, जोगी. लिंबाच्या फांद्या वेगवेगळ्या दिसायला लागल्या की अण्णा जे चाललं असेल ते आवरते घ्यायचे आणि गौळण उचलायचे. सूर्य वर येताना काला आणि आरती. कोजागिरीच्या सुमाराला आपल्याकडे साडेसहाच्या आगेमागे उजाडतं, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत ते पंधराएक मिनिटं पुढे सरकतं. तेवढ्यात एक जोगी आरामात बसतो. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत जे गाळलं जायचं ते शेवटच्या आठवड्यात म्हटलं जायचं. जागल्या आम्ही महिनाभर ऐकायचो नाही, कार्तिकी एकादशीनंतर ऐकायचो. तुमच्या दादांचंही असंच असेल असं नाही, गावागणिक रीत बदलते. पण ढगाळ पहाटे काकडा लांबायचा का, एवढं आठवून बघा.

निवृत्त_संगीतशिक्षक

माहेरवाशीणताईंनी मुद्द्याचं सांगितलं. माझी भर चालीपुरती. पुतण्याला पेटीवर चाल 'बसवू' देऊ नका. विष्णु दिगंबर पलुस्करांसारख्या गवयानं पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला आणि आयुष्याच्या शेवटच्या काळात रामधून लोकांकडून म्हणवून घेतली. शंभर बेसूर गळ्यांना बरोबर घ्यायचं तर चाल साधी ठेवावी लागते, हे त्यांना कळत होतं. आपण मात्र चार तानांसाठी झिलकऱ्यांना, म्हणजे मागून ओळ धरणाऱ्यांना, गप्प बसवतो. पहाटे गळा उघडलेला नसतो, पट्टी खालची धरा. आणि जुन्या चाली हव्या असतील तर पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला निघालेल्या दिंड्या नाशकात मुक्कामाला असतात तेव्हा गाठा. म्हातारे टाळकरी चहावर खूश असतात.

ढोलकीवाल्याचा_नातू

काका, आधी एक सांगतो, राग मानू नका. माझे पणजोबा 2 मार्च 1930 ला काळारामाच्या दाराशी सत्याग्रहात होते. त्यामुळे पंचवटीचा काकडा आमच्या घरात कधी ऐकला गेला नाही. आमची जागरणाची रात्र 13 एप्रिलची, बाबासाहेबांच्या जयंतीच्या आदली. आजोबा ढोलकी वाजवायचे. लोककवी वामनदादा कर्डकांना (ते सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, 2004 साली नाशकातच गेले) त्यांनी दोनदा साथ केली, ते आम्हाला दोनशे वेळा ऐकवलं.

पण पुडी बदलायला, शाई भरायला आजोबा जुन्या नाशकात ज्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर जायचे, तिथंच देवळांतले पखवाजही यायचे. एकाच खुंटाळ्याला सगळं टांगलेलं. तासन् तास शाईवर बोलणं चालायचं, देवळाचा विषय दोन्हीकडून निघायचा नाही. तुमचे दादा तिथं येत असतील तर आजोबांनी त्यांना पाहिलेलं असणार.

तुमच्या प्रश्नाला आजोबांचं उत्तर लागू पडेल. ते म्हणायचे, काय गाळायचं ते गायकाला विचारू नये, झील धरणाऱ्याचा आवाज कुठे पडतो ते बघावं.

पखवाज्याचा_मुलगा

ताई, ढगाळ दिवसाचं वाचलं आणि आठवलं. दादा वाजवता वाजवता सारखे दाराकडे बघायचे. मला वाटायचं चहा आला का बघताहेत. आता दारासमोर महापालिकेचा पांढरा दिवा आहे, त्याच्या उजेडात चारलाच उजाडल्यासारखं दिसतं. पुतण्याला मागच्या खिडकीकडे तोंड करून बसवावं लागेल.

नातूदादा, राग कसला. ओटा मला आठवतो, दादांच्या सायकलवर पुढे बसून गेलोय. समोर गुळाचं दुकान होतं ना? आजोबा असतील तर भेटायला येतो.

काल रात्री घरी पखवाज काढला. पुतण्यानं कणिक जरा सैल भिजवली, दोनदा गळून मांडीवर पडली. तिसऱ्यांदा आईनं मळून दिली. ती आता 84 वर्षांची आहे. तिनं गोळा दाबून बघितला आणि म्हणाली, अजून घट्ट.