नव्या गाडीचं इंजिन ऑइल घरीच बदलावं का?

कळंबा_रोड

नमस्कार मंडळी. गेल्या दसऱ्याला नवी गाडी घेतली. १.२ लिटर पेट्रोल, साधी मॅन्युअल गिअरची. आज मीटरवर ९,२०० किलोमीटर झालेत. १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला असं पुस्तकात लिहिलंय.

पाच हजार किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला वर्कशॉपमध्ये दिली होती, तो अनुभव मनातून जात नाही. ऑइल टॉप-अप म्हणून बिलात पैसे लावले होते. घरी येऊन गेजपट्टी काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, करंगळीच्या नखाएवढं. इंजिनखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या दोन क्लिपा गायब. परत गेलो तेव्हा जास्तीचं ऑइल काढून दिलं, पण "एवढ्यानं काही होत नाही साहेब" हे वर ऐकून घ्यावं लागलं.

आमचा मळा पंचगंगेच्या काठाला. लहानपणी नदीवरनं पाणी उचलायला डिझेल इंजिन होतं आणि त्याचं ऑइल आजोबा स्वतः बदलायचे. घमेल्यात काळी धार पडायला लागली की मला हाक मारायचे. दोन बोटांत ऑइल चोळून उन्हाला धरायचे, मग माझ्या बोटाला लावायचे आणि विचारायचे, "लागतंय का काय हाताला?" ते डोक्यात बसलंय. आपल्या गाडीचं हे एवढं काम आपल्या हातानं व्हावं असं मनापासून वाटतं.

वॉरंटी जाते का? सामान काय काय लागेल? बिल्डिंगचं पार्किंग सपाट आहे, खड्डा नाही, मग खाली शिरायचं कसं? आणि निघालेलं ऑइल टाकायचं कुठं?

उजळाईवाडीकर

भावा, तिसरी सर्व्हिस अजून फ्री आहे ना? लेबर फुकट असताना कशाला अंगावर घेतोस? ऑइल-फिल्टरचे पैसे दोन्हीकडं द्यायचेच आहेत. फ्री सर्व्हिसिंग संपू दे, मग कर की निवांत.

शाहूपुरी_वकील

वॉरंटीपुरतं लिहिते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हा मुख्य मुद्दा होता. त्याच आदेशात आयोगाने म्हटलं की बाहेरच्या गॅरेजला गाडी दाखवली एवढ्या कारणावर सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलात गेलं.

पण यावर विसंबून निर्धास्त राहू नका. तो आदेश स्वतंत्र गॅरेजबद्दल आहे, तुम्ही घरी करणार आहात. उद्या इंजिनात काही बिघडलं, तर ऑइल योग्य होतं आणि वेळेवर बदललं होतं हे तुम्हालाच दाखवावं लागेल. ऑइल आणि फिल्टरचं पक्कं बिल घ्या, त्यावर गाडीचा नंबर घालून घ्या. काम करताना मीटरचा, डब्याचा आणि नव्या फिल्टरचा फोटो काढा. ग्राहक आयोगापुढे कागद बोलतो, माणसाचं सांगणं मागे पडतं.

होनिंगवाले_काका

बाळा, तुझ्या आजोबांची गोष्ट वाचली आणि राहवलं नाही. मी शिरोली एमआयडीसीत मशिन शॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी होनिंग मशिनवर, म्हणजे सिलिंडर आतून दगडानं घासणाऱ्या मशिनवर. म्हणून सविस्तर लिहितोय.

सिलिंडरचं बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ते भोक, आतून आरशासारखं गुळगुळीत असतं असं लोकांना वाटतं. होनिंगचे दगड आत फिरता फिरता वर-खाली होतात, त्यानं बोअरला तिरक्या रेघांची बारीक जाळी पडते. नवं बोअर दिव्याखाली धरलं की ती जाळी स्पष्ट दिसते. त्या रेघांत ऑइल धरून राहतं, म्हणून पिस्टनच्या रिंगा कोरड्या पडत नाहीत. गाडी नवी असताना रेघांची टोकं रिंगांना घासून बसतात आणि तो चुरा ऑइलमध्ये उतरतो. बराचसा फिल्टर धरतो. तेव्हा पहिलं ऑइल काढल्यावर उन्हात थोडं चकाकलं तरी घाबरू नकोस. आजोबांसारखं बोटांत चोळून बघ. हाताला टोचणारा कण लागला, तर मात्र गाडी त्याच दिवशी दाखवायची.

आता माझं मत. दहा हजारांचं काम वर्कशॉपलाच दे. शिक्का मिळेल, त्यांच्याकडं नोंद होईल. आपला हात चालवायचा तो मधल्या बदलाला, पंधरा हजारांच्या आसपास. कंपनीच्या पुस्तकाबाहेरचा हा जादा बदल. त्यानं तुझी सर्व्हिसिंगची साखळीही तुटत नाही आणि इंजिनचंही भलं होतं.

ऑइल पुस्तकात जे लिहिलंय तेच. ०डब्ल्यू-२० हा दाटपणाचा आकडा लिहिला असेल तर ०डब्ल्यू-२०च. "आपल्याकडं ऊन लई, जाड ऑइल घाल" असं सांगणारे भेटतील. गेजपट्टीचा पिवळा दांडा ओढून सांगतील, बघ कसं पाण्यासारखं आहे म्हणून. ऐकू नकोस. मागचा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या दाटपणाचा असतो, आणि चालू इंजिनातलं ऑइल तेवढ्याच्या आसपास तापतं, मग बाहेर मे महिना असो की श्रावण. नव्या इंजिनाच्या बेअरिंगच्या फटी आणि पंप पातळ ऑइल धरूनच बनवलेत.

नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, म्हणजे नाही. जॅक घसरला तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही. मी उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्याकडनं अँगल आणि चेकर प्लेटचे दोन रॅम्प करून घेतलेत. पुढची दोन्ही चाकं त्यावर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, मागच्या चाकांना दोन्हीकडनं लाकडी उटी लावायची. गाडी दहा मिनिटं फिरवून आणलेली असावी. कोमट ऑइल गाळ घेऊन खाली येतं, पण लगेच उघडलंस तर हात भाजेल.

खाली गेल्यावर पहिली गोष्ट, इंजिन चेंबरचा, म्हणजे ऑइल साठतं त्या खालच्या भांड्याचा, नट कुठला आणि गिअरबॉक्सचा कुठला याची खात्री कर. नवशिके गिअरचं ऑइल सोडतात आणि वर इंजिनात नवं ओततात. गिअरबॉक्स कोरडा, इंजिन काठोकाठ, आणि तशीच गाडी रस्त्यावर.

नट परत लावताना आधी नुसत्या बोटांनी फिरव. तीन-चार आटे सहज आत गेले पाहिजेत, मगच पाना. तिरका लागला आणि तू जोर दिलास की आटे गेले. ॲल्युमिनियमचं चेंबर असलं तर ते मऊ असतं, एका झटक्यात काम वाढतं. वायसर दर वेळी नवीन टाक, दहा-वीस रुपयांचा असतो. किती आवळायचा हे पुस्तकात दिलंय का बघ. माझ्या गाडीला ३५ न्यूटन-मीटर आहे. टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना, नसेल तर उसना आण, अंदाजानं आवळू नकोस.

आणि फिल्टर. इथं माझी चूक सांगतो. खूप वर्षांपूर्वी सेकंडहँड व्हॅन होती. जुना फिल्टर सोडवला, नवा बसवला, ऑइल भरलं आणि चावी फिरवली. पाच-सात सेकंदांत खाली ऑइलचं तळं. बंद करून खाली गेलो तर नवा फिल्टर जागेवर, घट्ट. उतरवला तेव्हा दिसलं, जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनच्या तोंडालाच चिकटून राहिली होती. काळ्या तोंडावर काळी रिंग, दिसलीच नव्हती. दोन रिंगा एकावर एक बसल्यावर दाब कसा धरणार? बरं झालं, घरासमोरच चालू केली होती. आंबा घाटात चढणीला असतो तर इंजिन गेलंच असतं. तेव्हापासून जुना फिल्टर हातात आला की आधी त्याच्या तोंडावर रिंग आहे का बघतो, मग इंजिनच्या तोंडावर कापड फिरवतो आणि मगच नव्याला हात लावतो. नव्याच्या रिंगला ताज्या ऑइलचं बोट लाव. हातानं फिरवून टेकला की पाऊण वेढा आणखी. बस्स.

गडहिंग्लज_अपडाउन

काकांचं मधल्या बदलाचं म्हणणं पटलं. बहुतेकांच्या पुस्तकात कठीण वापर म्हणून वेगळा तक्ता असतो, तो कुणी उघडून बघत नाही. धुळीचे रस्ते, जवळच्या जवळच्या फेऱ्या, सतत थांबत चालणं, हे सगळं त्यात येतं. मी रोज लांबची जाते, इंजिन पूर्ण तापतं. पण घरातली दुसरी गाडी राजारामपुरी ते मंडई आणि परत एवढीच फिरते. तापायच्या आत बंद. अशात न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरत राहते. तिचं ऑइल आम्ही किलोमीटर न बघता सहा महिन्यांनी बदलतो. आणि ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागनं जाणाऱ्यांनी एअर फिल्टरही काढून बघावा.

इचलकरंजीतून

शेवटच्या प्रश्नावर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. कृपा करून जळकं ऑइल गटारात सोडू नका. कोल्हापूरची गटारं जयंती नाल्याला मिळतात, नाला पंचगंगेला, आणि पंचगंगा आमच्याकडं येते. एक लिटर जळकं ऑइल दहा लाख लिटर पाणी पिण्याजोगं ठेवत नाही. तुमच्या गाडीतनं तीन-साडेतीन लिटर निघणार. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय. जमिनीवर ओतणं, बंबात जाळणं, हेही नको. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यातच भरा, झाकण घट्ट लावा आणि ज्या गॅरेजात जळक्या ऑइलचा ड्रम ठेवलेला असतो तिथं नेऊन द्या. ते पुनर्वापरवाल्याकडं जातं. फिल्टरही रात्रभर पालथा ठेवून निथळून द्या, त्यातसुद्धा बरंच साठलेलं असतं.

कळंबा_रोड

पाच महिन्यांनी परत येतोय. सगळ्यांचे आभार. काकांचं ऐकलं. दहा हजारांचं काम वर्कशॉपला दिलं, समोर उभा राहून करून घेतलं, गेजपट्टी स्वतः बघितली. आणि काल रविवारी, १४,७६० किलोमीटरला, घरी पहिल्यांदा ऑइल बदललं. रॅम्प उद्यमनगरातच करून घेतले. टॉर्क पाना मित्राच्या गॅरेजातनं आणला.

गिअरबॉक्सचा नट खरंच सारखाच दिसत होता. पुस्तकातलं चित्र मोबाइलवर उघडून आडवा पडून दोनदा ताडून बघितलं. जुन्या फिल्टरची रिंग फिल्टरबरोबरच आली. नट सोडवून धार पडायला लागली तेव्हा सात वर्षांच्या मुलीला हाक मारली. तिनं बोट बुडवलं, चोळलं आणि म्हणाली, "बाबा, मऊ आहे." टोचणारं काही नाही.

३.१ लिटर गेलं, मग थोडं थोडं घालत पट्टीच्या दोन खुणांच्या मधोमध आणलं. बिलं आणि फोटो एका फाइलला लावलेत. जळकं ऑइल डब्यात भरून मित्राच्या गॅरेजच्या ड्रममध्ये ओतून आलो, इचलकरंजीकर. सगळ्याला मिळून अडीच तास लागले, त्यातला अर्धा तास त्या प्लास्टिकच्या क्लिपांचा. गायब झालेल्या दोन नव्या आणून बसवल्या.

होनिंगवाले_काका

छान केलंस पोरा. आता उद्या सकाळी गाडी सपाट जागेवर, थंड असताना पट्टी परत बघ. नटाखाली रात्री एक कोरा कागद टाकून ठेव, थेंब पडला असला तर सकाळी दिसेल. आणि हजारभर किलोमीटरनं पुन्हा एकदा बघ.