मदत हवी आहे: कुशीवर पडून करता येईल असं उपयोगाचं काम

रुग्ण वय 42, मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखाली हालचाल नाही. दोन्ही हात मजबूत, वाचता-लिहिता येतं. बैठकीच्या जागी जखम असल्याने सध्या बसायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नैराश्याची गोळी चालू आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार नाहीत, डॉक्टर दर भेटीत ते विचारतात.

दीड महिना त्यांचा तासवार तक्ता भरतोय: प्रत्येक कामापुढे ‘बरं वाटलं’ आणि ‘जमलं’ असे 0 ते 10 गुण. मोबाइल, टीव्ही 2 च्या वर जात नाहीत. लसूण सोलणं, डेअरीचा हिशेब लिहिणं 6-7 पर्यंत जातं. म्हणजे मनोरंजनापेक्षा दुसऱ्याच्या उपयोगी पडणंच खरं औषध ठरतंय, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा प्रयोग आठवड्यात सोडला; दुखणं ताजं असताना तो त्यांना जखमेवर मीठ वाटला. ‘पुन्हा चालायचंच’ असं ध्येय धरलं की चार दिवसांत सगळंच बंद पडतं.

अडचण दुपारी 2 ते 5 ची, गुण तेव्हाच कोसळतात. घर खेड्यात, नेट अधूनमधून. सुरी-कात्री, गरम वस्तू नकोत, कारण मांडीवर भाजलं-कापलं तरी कळत नाही.

कुशीवर पडून, 20-20 मिनिटांत तोडून करता येईल आणि घराला किंवा गावाला खरंच लागेल, असं कोणतं काम तुमच्याकडे महिनाभर तरी टिकलं?