‘सिन्स’चा घोळ ‘पासून’मुळे होतो
इंग्रजीत ‘सिन्स’ कुठे आणि ‘फॉर’ कुठे, याचा ‘नियम पाठ करा, चूक होणार नाही’ असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. नियम मला शाळेपासून पाठ होता, तरी ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हेच तोंडातून यायचं. मूळ आपल्या ‘पासून’मध्ये आहे. ‘२०१९पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’, मराठीत दोन्हीकडे तोच शब्द. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर सिन्स, कालावधी सांगायचा तर फॉर.

भाचीला मी सांगितलं, ‘पासून’ काढून आधी ‘गेली’ किंवा ‘गेले’ लावून बघ. ‘गेली पाच वर्षं’ जमतं, तिथे फॉर. ‘गेली २०१९’ जमत नाही, तिथे सिन्स. हे तिला लगेच जमलं. क्रियापद मात्र अडलं: आपल्या ‘काम करतोय’चं इथे ‘हॅव बीन वर्किंग’ होतं, आणि तिच्या वहीत आठवडाभर लाल खुणा तिथेच होत्या.