कोतवाल बुकं फक्त दाखल्यापुरतीच का? वंशावळ लिहिणाऱ्याने जायचं कुठे?

जावळीकर
मंडळी, नमस्कार. आमचं मूळ गाव जावळी तालुक्यात. पणजोबा गिरणीत लागले आणि मुंबईचे झाले. त्यांच्या वडिलांचं नाव घरात ठाऊक आहे, आईचं कुणालाच नाही. म्हणून रेकॉर्ड रूममध्ये जाऊन गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, जुनी जन्म-मृत्यूची वही मागितली. "कुणबी दाखल्यासाठी का?" नाही म्हटलं, वंशावळ लिहितोय. "मग कशाला? जीर्ण झाल्यात, हात लावला की तुकडे पडतात." विषय संपला.

आता गंमत बघा. 2023 मध्ये मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमल्यावर अशाच वह्या कपाटांतून निघाल्या, मोडी वाचणारे बसवले, पानं स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवली. म्हणजे मनावर घेतलं की होतं! पण चढली ती कुणबी नोंद सापडलेली पानं. त्याच वहीतल्या महार, रामोशी, गुरव, न्हावी, मुसलमान घरांनी आपली माणसं कुठे शोधायची? सगळ्या वह्या सगळ्यांना खुल्या व्हाव्यात असं माझं म्हणणं आहे. कायदा काय म्हणतो? कुणी पाठपुरावा केलाय का?

निवृत्त अव्वल कारकून
जावळीकर, त्या कारकुनावर रागावू नका. वही फाटली तर नोटीस त्यालाच निघते, तुम्हाला नाही. पण तोंडी नकार घेऊन परत यायचं नसतं. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. नकला मागू नका, अभिलेखाची पाहणी मागा. कायद्यात ती सोय आहे. खासगी बाब म्हणून टाळलं तर कलम 8(3) दाखवा. 20 वर्षांपूर्वीच्या घटनेला ती सबब चालत नाही. तरी नाही म्हणाले तर 30 दिवसांत पहिलं अपील.

आणि पणजोबांच्या आईसाठी आधी जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, बघा. खातेदार मेला की वारसनोंद होते, तिथे विधवेचं नाव सापडू शकतं. 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन आहेत, फी भरून मिळतात. एक लक्षात ठेवा, थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, दिसलं तर बाकीचे भाऊ त्याच्या आड लपलेले असतात.

मोडीवाचक पुणे
अशा वह्या मी वाचते, म्हणून आधीच सांगते, जन्माच्या रकान्यात फार आशा ठेवू नका. तारीख, बापाचं नाव, जात, पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाळाचं नाव बहुतेकदा नसतंच, कारण बारशाआधीच नोंद झालेली. मृत्यूच्या बाजूलाही बाई 'अमक्याची बायको' म्हणूनच मरते. कारणाच्या रकान्यात पटकी, देवी, ताप. 1918 च्या पावसाळ्यानंतरची पानं तर 'ताप', 'ताप', 'ताप' अशीच खाली उतरत जातात. वाचताना हात थांबतो.

खुलं करा याला माझा पाठिंबा आहे, पण सरसकट नको. बाप न लावलेल्या मुलांच्याही नोंदी असतात. गाव लहान असतं, लोकांची जीभ लांब. 100 वर्षांपूर्वीचं खुलं, अलीकडचं फक्त वारसांना, असं काहीतरी ठरवा.

क्युरपिपवाली
मॉरिशसहून लिहितेय. इथल्या मराठी लोकांचे पूर्वज गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून मुंबई बंदरातून आले. त्यांचे कागद मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. माणसाचं नाव, बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव, जहाज. आमच्या शेजारच्या आजोबांचा धागा असाच रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावापर्यंत गेला आणि तुटला. कारकुनाने स्पेलिंगही स्वतःच्या कानाने लिहिलेलं. पुढची वही भारतात, आणि माहिती अधिकार फक्त भारतीय नागरिकाला! त्या आजोबांनी अर्ज कुणाला करायचा?

जावळीकर
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे एकेकट्याने अर्ज टाकून भागणार नाही, वह्या पुराभिलेख विभागाकडूनच खुल्या व्हायला हव्यात. मोडीवाचक, 100 वर्षं मान्य. तरी 1920 च्या आधीचं सगळं मोकळं होतं, माझं कामही त्यातच आहे. मात्र 'जीर्ण' हे कारण मला पटत नाही. जीर्ण आहे म्हणूनच तर स्कॅन करायचं, नाहीतर उरलेलं वाळवी वाचेल.

निवेदनात दोनच गोष्टी मागतोय. वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन व्हावी, निवडक पानं नकोत. आणि सूची गाव व सालानुसार असावी, जातीवरून शोध नको. मसुदा रविवारी इथेच टाकतो. सह्या एकाच तालुक्याच्या असल्या तर कुणी ढुंकून बघणार नाही, तेव्हा सोबत येणाऱ्यांनी खाली आपला तालुका लिहा. अव्वल कारकून, फेरफाराचा अर्ज आजच भरतोय.

निवृत्त अव्वल कारकून
भरा. गट नंबर टाकू नका, त्या काळी सर्व्हे नंबर होते. आणि तालुका मांडा माझा: खटाव.