मदत हवी आहे : ‘चांगली गाते’ यातील ‘चांगली’ची जात कोणती?

मी चोपडा तालुक्यात आठवीच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवते. ‘शहाण्या मुलाला’ यात ‘शहाण्या’ हे विशेषण आहे, तर ‘शहाण्याला शब्दाचा मार’ या म्हणीत विभक्तीचा प्रत्यय थेट त्याच शब्दाला लागल्यामुळे तो नामाचे काम करतो, हे मुलांना (घरी अहिराणी बोलणाऱ्यांनाही) चटकन समजले. अडचण पुढची आहे. ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ या वाक्यांत हा शब्द गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतो म्हणून त्याला क्रियाविशेषण म्हणावे, तर तो कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. मग त्याला अव्यय, म्हणजे रूप न बदलणारा शब्द, कसे म्हणायचे? न बदलणाऱ्या ‘छान’चे उदाहरण देऊन मी वेळ मारून नेली, पण ते मलाच पटलेले नाही. मुलांकडून उत्तरात काय लिहून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.