मदत हवी आहे: शवासनात रडू येतं

नमस्कार मंडळी. आई गेल्यापासून माझी झोप पार उडाली होती. डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केली आणि सोबत योगासनं करा म्हणाले. गेल्या पावसाळ्यापासून रोज पहाटे घरीच करते. ताडासन, मार्जारासन, मग भिंतीला पाय लावून विपरीत करणी. कमरेखाली आईची जुनी सोलापुरी चादर घडी करून घेते. शेवटी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं. तो गुंजारव कपाळापासून टाळूपर्यंत जाणवतो आणि श्वास आपोआप लांबतो. खरंच फरक पडलाय. झोप लागते, दोन घास जातात.

अडचण शवासनाची. अंग सैल सोडलं की आवंढा दाटतो आणि रडू कोसळतं. मावशी म्हणते, येऊ दे, मोकळी होशील. मला ते दाबायचं नाहीच, पण पुढे ऑफिस असतं आणि दिवसभर डोकं जड राहतं. अशा वेळी डोळे उघडे ठेवावेत की कुशीवर वळावं? की शवासन रात्री करावं?

बीपी असताना शीर्षासन आणि कुंभक (श्वास रोखून धरणं) टाळावं, हे ठाऊक आहे. भिंतीला पाय लावलेली विपरीत करणी चालेल का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण योगशिक्षकांचं मतही हवंय.

मी पुण्यात राहते. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ मध्ये इथे सुरू केलेल्या योगसंस्थेत किंवा स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात सुरू केलेल्या कैवल्यधामात दुःखातून सावरण्यासाठी कुणी गेलं असेल, तर तिथला अनुभव कृपया सविस्तर लिहा.