पीटर सिंगर: नुसता उपदेश?

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या खुर्चीत बसून (२०२४मध्ये ते तिथून निवृत्त झाले) जगाला नुसता दानधर्म शिकवत राहिले, असा आक्षेप घेतला जातो. मला तो अर्धाच पटतो. ज्या निबंधाने त्यांचं नाव झालं, तो त्यांनी नोव्हेंबर १९७१मध्ये लिहिला, ऐन पंचविशीत, ऑक्सफर्डला शिकवत असताना. निमित्त होतं पूर्व बंगालमधून आपल्याकडे लोटलेल्या लाखो निर्वासितांचं. त्यातला युक्तिवाद असा: डबक्यात बुडणारं मूल दिसलं तर कपडे चिखलाने बरबटतील म्हणून कुणी काठावर थांबत नाही. मग तेच मूल हजारो मैलांवर असलं की कर्तव्य का आटतं? याला धड उत्तर मी तरी अजून ऐकलेलं नाही. शिवाय २०२१चं दहा लाख डॉलरचं, विचारवंतांना दिलं जाणारं बर्गग्रुएन पारितोषिकही त्यांनी दान केलं.

माझी अडचण वेगळी आहे. गंभीर अपंगत्व घेऊन जन्मलेल्या बाळांबद्दलची त्यांची मतं: अशा बाळाचं आयुष्य संपवण्याची मुभा काही वेळा आईवडिलांना असावी, असं ते म्हणतात. १९९९मध्ये ते प्रिन्स्टनला आले तेव्हा अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांनी निदर्शनं केली, आणि ती उगाच नव्हती. स्वतःच्या आईला अल्झायमर झाल्यावर मात्र त्यांनी तिच्या शुश्रूषेवर भरपूर खर्च केला. टीकाकारांनी याला ढोंग म्हटलं. मला ढोंग वाटत नाही, पण पैसा जिथे सर्वांत जास्त भलं करेल तिथे द्यावा, या त्यांच्या हिशेबात तो खर्च बसवून दाखवा म्हटलं तर कठीण आहे.